मोटारीची गूळतुला

नवस बोलावा तो दम खाऊन बोलावा. दम लागलेला असताना बोलू नये. सौदामिनीबाईंना हे शहाणपण आलं खरं, पण तोवर घरात मुंग्या झाल्या होत्या.

निजामाच्या अमदानीतली ही गोष्ट. नांदेडात तेव्हा मोटारी बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या, आणि त्यांतल्या एका बोटावर अनंतराव वकिलांची मोटार होती. (करंगळीवर म्हणा हवं तर. कुणा जहागीरदाराने हौस फिटल्यावर काढून टाकलेली ती गाडी. टप मेणकापडाचा, एक दार सुतळीने बांधलेलं. पावसाळ्यात रुतली की चार माणसं तिला पाळण्यासारखी उचलून कडेला ठेवायची.)

सौदामिनीबाईंचं माहेर जळकोटच्या अलीकडे, घाटमाथ्यावर. दरवर्षी घाटाईच्या जत्रेला नवराबायको मोटारीने जात. म्हणजे अनंतराव मोटारीने जात. सौदामिनीबाई घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत मोटारीने जात. तिथून वर देवळाचा भगवा झेंडा दिसायला लागायचा, आणि नेमकी तिथंच गाडी धापा टाकत उभी राहायची. अनंतराव फार सभ्य गृहस्थ. बायकोकडे चुकूनही न बघता ते इंजिनाकडे बघायचे आणि म्हणायचे, "इंजिन कमजोर आहे." मग सौदामिनीबाई खाली उतरायच्या. त्या उतरल्या रे उतरल्या, की तेच कमजोर इंजिन वारं शिरलेल्या वासरासारखं वर पळायचं. मागून सौदामिनीबाई चपला हातात घेऊन, पदराने वारा घेत, चढण चढायच्या.

वर वेशीत भावजय उभीच. केवळाबाई तिचं नाव. जीभ तशी वाईट नव्हती, फक्त तिला धार होती.

"या वन्सं! मोटार तर कवाच आली की. तुमीच मागं ऱ्हायल्या जणू?"

"इंजिन कमजोर आहे म्हणे गं," सौदामिनीबाई म्हणायच्या.

"हाव, दिसतंय की," केवळाबाई त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणायची.

त्या वर्षी वळणावरच्या दगडावर बसून, घाम पुशीत, सौदामिनीबाईंनी वरच्या झेंड्याकडे बघितलं आणि हात जोडले. "आई घाटाई, पुढल्या जत्रेला ही गाडी मला बसवून वर आण. तुला गाडीच्या भारंभार गूळ वाहीन."

घाटाईला गुळाची तुला ही काही नवलाची गोष्ट नव्हे. लेकरू दुखण्यातून उठलं की देवळापुढच्या तराजूत एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. मग तो गूळ जत्रेत वाटायचा. सौदामिनीबाईंनी लहानपणापासून हेच पाहिलेलं. त्यामुळे तोंडात तेच आलं. गाडी म्हणजे काही लेकरू नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा शब्द देवीपर्यंत पोचला होता. तरी त्यांनी मनाची समजूत घातली: गाडी ती काय, पत्रा आणि मेणकापड. जमेल हळूहळू. आई देणारी आहे, तीच फेडूनही घेईल.

आणि नवस काही कुणाला सांगायचा नसतो. फिटेपर्यंत दुसऱ्याच्या कानी गेला की त्यातलं बळ जातं. फिटायचा राहिला तर मात्र तो घराच्या मागं लागतो. त्यांच्याच गावात एका घराण्याला आजोबांनी बुडवलेला नवस नातवापर्यंत पुरला होता, असं म्हणत.

सौदामिनीबाईंनी तोंड मिटलं. आणि देवीने लगेच ऐकलं. इतक्या लगेच ऐकलं, की सौदामिनीबाईंना गूळ घ्यायला उसंत मिळेना.

झालं असं, की अनंतरावांच्या एका अशिलाची लॉरी नाल्यात कोसळली. लॉरीचा चेंदामेंदा झाला, इंजिन मात्र धड राहिलं. ते इंजिन अनंतराव बैलगाडीत घालून घरी घेऊन आले आणि अंगणातल्या लिंबाखाली उतरवून घेत म्हणाले, "अगं, यंदा बघ! लॉरी ओढणारं इंजिन आहे. घाट म्हणजे काय, उंबरठा ओलांडल्यासारखा ओलांडू."

सौदामिनीबाईंनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. मग सहज म्हणून त्याला हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"अहो," त्यांनी जपून विचारलं, "हे जुन्यापेक्षा जड आहे का हो?"

"जड? दुपटीहून जड! ताकद काय हवेत असते?"

सौदामिनीबाईंनी मनातल्या मनात तराजूत दोन ढेपा जास्त टाकल्या.

कामाला सिद्धलिंग मिस्त्री आला. तो देगलूरकडचा, जिनिंगमधला. सरकी काढायच्या यंत्रांत हयात गेलेली, त्यामुळे जी वस्तू चार माणसांना उचलता येते ती वस्तूच नव्हे, असं त्याचं मत होतं. अनंतरावांनाही वकिलीपेक्षा हातोडीची आवड जास्त. दोघांचं असं जमलं, की अशील ओसरीवर बसून राहायचे आणि वकीलसाहेब गाडीखाली.

इंजिन बसलं. पहिल्या दिवशी गाडी फाटकाबाहेर निघाली आणि करपट वास सुटला. सौदामिनीबाई भाजी बघायला स्वयंपाकघरात धावल्या. पण करपला होता तो क्लच.

"साब, इंजिन जोर लावून राहिलं, पन क्लच धरून नाही राहिला," सिद्धलिंग म्हणाला. त्याने त्या मोडक्या लॉरीचा क्लच आणून घातला. आता क्लचने घट्ट धरलं, आणि गेअरचे दात पडले. म्हाताऱ्याने चणे खावेत तसे. मग लॉरीची गेअरपेटी आली. ती पेटी कसली, पेटाराच. गेअर टिकले, तर इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा जो लांब दांडा, त्याला पीळ पडला. अनंतरावांनी तो कौतुकाने माजघरात आणून दाखवला.

"बघ, बघ ताकद! चकलीच पाडलीय लोखंडाची."

"अहो, मग थोडी कमी ताकदीचं इंजिन..."

"अगं, तू कपडे शिवतेस ना? जुन्या धोतराला नवं कोरं ठिगळ लावलं की काय होतं?"

"शेजारी फाटतं."

"तेच! म्हणून मग सगळं धोतरच नवं करायचं."

दांडा जाड झाला. मग मागचा आस मोडला. लॉरीचा आस आला, तर तो पेलायला चाकांवरच्या जुन्या कमानी पुरेनात; लॉरीच्या कमानी आल्या. एवढं सगळं अंगावर आल्यावर गाडीचा खालचा सांगाडा, सिद्धलिंग त्याला चासी म्हणे, तो मधोमध वाकला. भरल्या पोटी पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखी गाडी मधे खचली.

सौदामिनीबाईंनी मनातल्या तराजूत टाकायच्या ढेपा मोजणं सोडून दिलं होतं. आता त्यांना झोपेत गाडी दिसे. गाडी पारड्यात बसलेली, आणि दुसऱ्या पारड्यात लातूरच्या अडतीतला सगळा गूळ, तरी पारडं हलत नाही.

त्यांनी धीर करून सिद्धलिंगला गाठलं. "मिस्त्री, ते खाली लोखंडच हवं का? आपल्या बैलगाडीला बाभळीचं लाकूड असतं. चांगलं टिकतं. हलकं असतं."

"बाईसाब, काळजी करू नका. लाकूड कायको? जिनिंगमधली ट्रॉलीची रूळपट्टी हाय. तीच ठोकतो दोन्ही अंगानं."

"रूळ? आगगाडीचे?"

"त्याहून जरा लहान," सिद्धलिंग खेदाने म्हणाला.

संध्याकाळी अनंतराव गहिवरून आत आले. "अगं, मिस्त्री सांगत होता, तू गाडीची फार काळजी करतेस. किती विचारपूस करतेस! मला वाटलं होतं, तुला यातलं काही नको असतं. तुझी काळजी बघून मी त्याला आणखी दोन आडव्या पट्ट्या मारायला सांगितल्या."

"नको हो!"

"असू दे, असू दे. तुझ्यापेक्षा का लोखंड जास्त आहे?"

त्या रात्री सौदामिनीबाई जेवल्या नाहीत. (गुळाचा खडा तेवढा तोंडात टाकला. उपाशी झोपू नये म्हणतात.)

कारण गूळ घरात येत होता. बाजारहाटातून, शिधासामानातून, हळूहळू, कुणाला कळू न देता. ढेपा कणगीत गेल्या, पलंगाखाली गेल्या, जुन्या पाळण्यात गोधडीखाली निजल्या. आता देवीचा गूळ, तो आंबट किंवा खारट निघून कसं चालेल? म्हणून प्रत्येक ढेपेचा एक कोपरा त्या चाखून घेत. दोन कोपरे चाखले की खात्री पटे. तिसरा, ढेप चौकोनी राहावी म्हणून.

आणि मुंग्या आल्या. आधी कणगीकडून, मग पलंगाकडून, मग चोहोकडून. अनंतराव कचेरीत उभे राहून दावा मांडत असताना त्यांच्या शेरवानीच्या बाहीतून एक रांग निघून मुन्सिफसाहेबांच्या टेबलाकडे गेली.

"अगं, घरात एवढ्या मुंग्या कशा?"

"लक्ष्मी येणार असली की मुंग्या येतात म्हणे," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि पाळणा हलवू लागल्या. पाळण्यात कुणी नव्हतं हे अनंतरावांच्या ध्यानात आलं नाही. ते कमानींचा विचार करत होते.

जत्रा आली. गाडी तयार झाली. आता ती नुसती उभी राहिली तरी अंगणात तिचे वळ उठत. सौदामिनीबाईंनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, आणि अनंतरावांना वाटलं, बायको कौतुकाने बघते आहे. त्या मनात म्हणत होत्या, आई, एवढा गूळ साऱ्या मराठवाड्यात नसेल गं.

पण त्या स्वभावाने आशावादी. जेवढा जमलाय तेवढा आधी वाहू, उरलेला जन्मभर वाहू, असं त्यांनी ठरवलं. आणि देवीने ऐकल्यावर गूळ आणायला पुन्हा घाट उतरायचा, हे काही बरं नव्हे. आई गाडी चढवणारच, मग गूळ बरोबरच न्यावा. अनंतराव संध्येला बसले असताना त्यांनी एकेक ढेप उचलून गाडीत नेली. मागच्या आसनाखाली, पायाशी, हत्यारांच्या पेटीत, टपाच्या घडीत. वर गोधड्या पसरल्या.

"हे काय एवढं?" अनंतरावांनी विचारलं.

"वहिनीला गोधड्या."

पुढे सिद्धलिंग हातोडी मांडीवर घेऊन बसला. गाडी निघाली. काय तिचा आवाज! वाटेतल्या गावांत माणसं नमस्कार करत होती, कुणी सरकारी स्वारी समजून, कुणी भिऊन. सपाटीवर ती तोफेसारखी गेली. घाटाची पहिली वळणं तिने हसतखेळत घेतली. अनंतरावांनी मागे वळून मिशीला पीळ दिला. सौदामिनीबाईंचा जप चालू होता.

शेवटचं वळण आलं. झेंडा दिसला. आणि गाडी थांबली. इंजिन गुरगुरत होतं, चाकं होती तिथंच. सिद्धलिंगने उडी मारून मागच्या चाकामागे धोंडा लावला.

वर वेशीत केवळाबाई उभी होती. इतक्या लांबूनही तिचं हसू दिसत होतं.

सिद्धलिंग गाडीखाली गेला आणि बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता. "साब, क्लच सलामत. गेअर सलामत. शाफ्ट, आस, चासी, सगळं सलामत. इंजिन बी सलामत. गाडी का चढून नाही राहिली, मला कळून नाही राहिलं."

अनंतराव इंजिनाकडे बघत राहिले. दरवर्षीचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं, पण लॉरीच्या इंजिनाला कमजोर कसं म्हणावं? तेवढ्यात त्यांना पायफळीवरून जाणारी मुंग्यांची रांग दिसली. रांग दाराच्या फटीतून आत, गोधडीखाली जात होती. अनंतरावांनी गोधडी उचलली. मग आसन उचललं. मग हत्यारांची पेटी उघडली.

"हे काय आहे?"

"गूळ."

"ते दिसतंय! कशाला?"

नवस कुणाला सांगायचा नसतो. पण नवरा ढेप हातात घेऊन घाटात उभा असेल तर काय करायचं, हे कुठल्याच पोथीत दिलेलं नव्हतं. सौदामिनीबाईंनी सगळं सांगितलं. अनंतराव तिथल्याच, त्यांच्या नेहमीच्या दगडावर बसले.

"गाडीच्या भारंभार?"

"तेव्हा ती हलकी होती हो."

"आणि मी महिनोन्‌महिने तिला लोखंड चढवतोय!"

"म्हणून तर म्हणत होते, लाकडाचं लावा."

"अगं, पण गाडी चढल्यावर वाहायचा ना गूळ? निकाल लागायच्या आधीच वसुली घेऊन निघालीस?" मग त्यांच्यातला वकील जागा झाला आणि आवाज खाली आला. "हे बघ. गाडी काही चढलेली नाही. तू पायी चल नेहमीसारखी. गाडी तुला घेऊन चढलीच नाही, तर नवस लागूच होत नाही. सुटलो."

सौदामिनीबाईंनी वर पाहिलं. झेंडा फडफडत होता. झेंड्याखाली केवळाबाई होती, आणि आता तिने शेजारच्या बायकांनाही बोलावलं होतं. खरंच, एवढंच करायचं. चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं. जन्माचं ओझं उतरणार होतं.

"गूळ उतरवा," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"आणि?"

"आणि मी बसते. मला बसून जायचंय. पुढचं ती बघेल."

ढेपा दगडाशी रचल्या गेल्या. सौदामिनीबाई डोळे मिटून बसल्या. सिद्धलिंगने धोंडा काढला, अनंतरावांनी "जय घाटाई" म्हणून पाय दाबला. गाडी गरजली, थरथरली, आणि निघाली. क्लचने धरलं, दातांनी चावलं, दांडा पिळला नाही, चासी वाकली नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा वेस मागे पडत होती आणि केवळाबाई तोंडाला पदर लावून बाजूला उडी मारत होती. सौदामिनीबाईंनी खाली पायांकडे बघितलं. चपला पायातच होत्या! त्यांचे डोळे भरून आले.

भाऊ किशनरावाने बैलगाडी पाठवून खालचा गूळ वर आणवला. देवळापुढे जत्रा गोळा झाली होती. चिंचेच्या आडव्या फांदीला तुलेचा तराजू टांगलेला. सौदामिनीबाईंनी सटवाजी गुरवाला खरं ते सांगितलं. ऐकून किशनराव मटकन खाली बसला. "आक्के, आपल्या सगळ्या शिवारात ऊस लावला तरी भागायचं न्हाई!"

सटवाजी म्हातारा माणूस. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "तुलेचा नेम असा हाय, बाई. लेकराची तुला करताना वाळे, करदोटा उतरवून ठिवतेत. अंगच्या भाराचा नवस. लेण्याचा न्हाई."

सौदामिनीबाईंना आशा फुटली. "मग हे लोखंड म्हणजे लेणंच की! नंतरच घातलंय."

"बाईसाब!" सिद्धलिंग गाडीपुढे आडवा झाला. "लेणं उतरवलं, तर गाडी पोत्यात भरून न्यावी लागंल."

सटवाजीने हात वर केला. "थांबा. या गाडीला घाटाईच्या दर्शनाची हौस व्हती का?"

"नाही," अनंतराव घाईघाईने म्हणाले.

"मंग गाडीत बसून वर यायची हौस कुणाला व्हती?"

सगळ्या जत्रेने सौदामिनीबाईंकडे बघितलं.

"निर्जीवाची तुला आई घेत न्हाई. जिच्यासाठी बोलणं झालं, तिची तुला. बसा पारड्यात."

काय सुटका होती ती! सौदामिनीबाईंनी देवीला लोटांगण घातलं, बांगड्या-पाटल्या उतरवून ठेवल्या आणि हसतमुखाने पारड्यात बसल्या. चिंचेची फांदी करकरली. समोर गूळ चढू लागला. कणगीतला, पलंगाखालचा, पाळण्यातला. लोक मोठमोठ्याने देवीचं नाव घेत होते. हळूहळू आवाज कमी झाला.

सगळा गूळ चढला होता. सौदामिनीबाई जमिनीवरच होत्या.

"थांबा वन्सं," केवळाबाई म्हणाली आणि घरी जाऊन एक ढेप घेऊन आली. ती ठेवली. मग किशनराव जाऊन आला. मग शेजारची कुणी. तेव्हा कुठं पारडं, नको नको म्हणत, बोटभर वर आलं.

सिद्धलिंग बराच वेळ गुळाकडे बघत होता. "साब," तो हळूच म्हणाला, "खाली गाडीला जो गूळ झेपला न्हाई, तो ह्योच ना? आन्‌ बाईसाब तर त्याच्याहून..."

"सिद्धलिंग, गप."

"म्हंजी पहिलं इंजिन..."

"कमजोर होतं," अनंतराव ठामपणे म्हणाले. असा नवरा मिळायलाही पूर्वपुण्याई लागते.

गूळ वाटून झाला. दुसऱ्या दिवशी निघताना सौदामिनीबाई रुबाबात मागच्या आसनावर बसल्या. केवळाबाईने ओटी भरली. "आता उतारच हाय वन्सं. बसून जा बिनघोर."

पुढून सिद्धलिंग मागे वळला. त्याने हातोडी मांडीवरून खाली ठेवली आणि फार अदबीने म्हणाला, "बाईसाब, येक राहूनच गेलं. आपन समदं मजबूत केलं. पन ब्रेक जुन्या गाडीचेच हायेत."

अनंतराव समोरच्या घाटाकडे बघत राहिले. बायकोकडे चुकूनही बघितलं नाही त्यांनी.

सौदामिनीबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि घाट उतरू लागल्या. त्यांच्या मागून, पदराला लागलेल्या प्रसादाच्या वासावर, मुंग्यांची एक रांग वेशीपर्यंत पोचवायला आली होती.